‘निसर्ग’ म्हणजे वादळ, मॅडम!

पाचवीच्या वर्गात मी फळ्यावर ‘निसर्ग’ हा शब्द लिहिला आणि अर्थ विचारला. खिडकीजवळच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला आणि ठामपणे म्हणाला, ‘‘वादळ, मॅडम!’’ मला हसू आले, पण वर्गातले कुणीच हसले नाही. उलट दोन-तीन मुलींनी माना डोलावल्या.

मुलाचे चुकले नव्हते. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलेल्या चक्रीवादळाचे नाव ‘निसर्ग’ होते. आपल्या समुद्रांतल्या वादळांना नावे देण्यासाठी शेजारी देश आळीपाळीने यादी देतात, त्यात हे नाव बांगलादेशाने दिले होते. श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा त्या एका दुपारी आडव्या झाल्या. या मुलांनी ‘निसर्ग’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो घराची कौले उडत असताना, दादी तसबीह घेऊन कोपऱ्यात बसलेली असताना. आणि आता आम्ही त्यांना सांगतो, निसर्ग आपला मित्र आहे, त्याचे संवर्धन करा!

त्या दिवसापासून मी पर्यावरणाचे शब्द शिकवण्याची माझी पद्धत बदलली. बदलण्याला आणखी एक कारण घडले, ते पुढे सांगते.

पर्यावरण शिक्षण शाळेत सक्तीचे झाले ते सर्वोच्च न्यायालयामुळे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर न्यायालयाने १९९१ मध्ये तसे निर्देश दिले. आज तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ आहे, अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ आहे. विषय आला, शब्दही आले. परिसंस्था, जैवविविधता, अन्नसाखळी, शाश्वत विकास. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. दोष मुलांचा नाही. हे शब्द त्यांच्या घरात कुणी बोलतच नाही. आमच्या घरांत तर भाषेची आणखी एक पायरी असते. आई-दादीशी बोलणे एका बोलीत, मदरशात अरबी-उर्दू, शाळेत पुस्तकी मराठी. मूल ‘संवर्धन’ हा शब्द घेऊन घरी जाते आणि तो ठेवायला घरात जागाच सापडत नाही.

म्हणून मी उलटा रस्ता धरला. घरातला शब्द आधी घ्यायचा आणि त्याचे बोट धरून पुस्तकातल्या शब्दापर्यंत जायचे. ‘संरक्षण’ आणि ‘संवर्धन’ या जोडीतच पाहा. मोठ्यांनाही हे दोन एकच वाटतात. मी विचारले, ‘‘घरात लहान बाळ आहे. ते पलंगावरून पडू नये म्हणून अम्मी उशा लावते, त्याला काय म्हणाल?’’ उत्तर आले, हिफाजत. ‘‘आणि त्याला दूध पाजते, बोलायला शिकवते, मोठे करते?’’ परवरिश. झाले! हिफाजत म्हणजे संरक्षण. हिफाजत आणि परवरिश मिळून संवर्धन, कारण ‘वर्धन’ म्हणजे वाढवणे. झाडाभोवती कुंपण घातले की संरक्षण झाले. ते वाढावे, त्याच्या बिया रुजाव्यात, त्यावर पक्षी यावेत अशी व्यवस्था केली की संवर्धन. पुन्हा ही व्याख्या कुणाला पाठ करावी लागली नाही.

‘हवामान’ या शब्दाने मात्र मला बरेच दिवस छळले. भूगोलाचे पुस्तक सांगते की रोज बदलते ती हवा आणि वर्षानुवर्षांची सरासरी म्हणजे हवामान. पण वर्तमानपत्र म्हणते ‘आजचे हवामान’, आणि आपण श्वासात घेतो तीही हवाच. मुलाने काय समजावे? इथे उर्दू मदतीला आली. मौसम आणि आबोहवा. मौसम आज पावसाळी आहे, उद्या उघडेल. पण ‘आमच्या गावची आबोहवा चांगली आहे’ असे नाना म्हणतात तेव्हा ते एका दिवसाबद्दल बोलत नसतात. ‘हवामान बदल’ म्हणजे मौसम बदलणे नव्हे, आबोहवा बदलणे, एवढे कळले की निम्मा धडा संपतो. उरलेला निम्मा मी कासवांवर सोपवते. आमच्या जिल्ह्यातल्या वेळास गावच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात आणि दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. पूर्वी लोक ही अंडी काढून नेत. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन या घरट्यांची राखण सुरू केली आणि आज पिल्ले समुद्रात जाताना पाहायला मुंबई-पुण्याहून माणसे येतात. मुलांना थक्क करते ती वेगळीच गोष्ट. अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू जास्त तापली तर माद्याच जास्त. ‘‘मग सगळी वाळू तापली तर?’’ असे एकीने विचारले. तापमानवाढीवर मी इतकी वर्षे बोलत होते, पण हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता.

‘नामशेष’ हा आमच्या वर्गाचा आवडता शब्द आहे, जरी अर्थ उदास असला तरी. नाम आणि शेष. फक्त नाव उरले. यासाठी मी घरचा अभ्यास दिला: दादीला किंवा नानीला विचारा, तुमच्या लहानपणी दिसायचे आणि आता दिसत नाही असे काय आहे? दुसऱ्या दिवशी वह्या भरून आल्या. विहिरीवरचे सुगरणीचे खोपे, शेतातले खेकडे, चुलीसमोर येणाऱ्या चिमण्या. आणि जवळपास अर्ध्या वह्यांत होते, गिधाड.

गिधाडाची गोष्ट मी दरवर्षी पूर्ण एक तास घेऊन सांगते, कारण अन्नसाखळी समजवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. एके काळी भारतात गिधाडे कोट्यवधींनी होती. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की काही तासांत हाडे तेवढी उरत. १९९० च्या दशकात ती मरू लागली, आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या शंभरातून एकही नीट उरू नये इतकी घसरली. कुणी म्हणे रोग आला, कुणी म्हणे कीटकनाशके. खरे कारण पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवर झालेल्या संशोधनातून २००४ मध्ये जगापुढे आले. डायक्लोफेनॅक. आपल्याकडे गुडघेदुखीसाठी घेतात तेच वेदनाशामक. ते गुरांना टोचले जाई. ते गुरू मेले आणि गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी हे औषध बंद केले.

मी फळ्यावर साखळी काढते. गुरू, औषध, गिधाड. मग विचारते, गिधाड गेले, ढोर तिथेच पडले, आता कोण येणार? कुत्री! कुत्री वाढली की? चावणार! चावली की? एकदम शांतता, कारण पिसाळलेल्या कुत्र्याची गोष्ट प्रत्येक गावात असते. ज्या पक्ष्याचे नाव आपण शिवी म्हणून वापरतो तो आपल्यासाठी सफाई करत होता, हे मुलांना सांगावे लागत नाही, तीच सांगतात. मुंबईतल्या पारशी समाजाची तर अंत्यविधीची पद्धतच गिधाडे गेल्यामुळे अडचणीत आली. आमच्या शेजारी रायगड जिल्ह्यात, म्हसळ्याजवळ चिरगावच्या परिसरात, गिधाडांची घरटी गावकऱ्यांच्या मदतीने जपली गेली आहेत. ‘‘म्हणजे अजून नामशेष नाहीत!’’ असे एक मुलगा ओरडला. नाहीत. म्हणून तर संवर्धन हा शब्द शिकायचा.

(जाता जाता, मोठ्यांसाठी. गिधाडांच्या तासालाच एका मुलीने विचारले, ‘‘मॅडम, बकरी ईदला आतडी खाडीत टाकतात, ती कोण खाते?’’ मी उत्तर दिले नाही, ते या मासिकाच्या वाचकांनी द्यावे. खोल खड्डा खणून पुरायला एक तास लागतो.)

परिसंस्था हा शब्द वर्गात शिकवूच नये. आमची शाळा खाडीपासून दहा मिनिटांवर आहे, मी मुलांना ओहोटीच्या वेळी तिकडे नेते. पुस्तकात ‘कांदळवन’ वाचून कुणाला काही कळत नाही, पण तिवर आणि चिपी सगळ्यांना माहीत. तिवराचे पान जिभेला लावून बघा म्हटले की आधी नाक मुरडतात, मग खारट लागले म्हणून ओरडतात. झाड खारे पाणी पिते आणि जास्तीचे मीठ पानांतून बाहेर टाकते. चिखलातून पेन्सिली उभ्या कराव्यात तशी वर आलेली मुळे दिसतात. ती श्वास घेण्यासाठी असतात, कारण चिखलात हवा नाही. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखे खाली चिखलात रुतते. या मुळांच्या जाळीत कोळंबी, चिंबोऱ्या, बोय, जिताडा यांची पिल्ले वाढतात, मोठे मासे तिथे शिरू शकत नाहीत. ‘‘म्हणजे ही माशांची बालवाडी!’’ हे वाक्य माझे नाही, सहावीतल्या मुलीचे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला, ही माहिती मी त्यानंतर देते. आधी दिली असती तर ती माहितीच राहिली असती.

आता धर्माविषयी. आमच्या मुलांना शिकवताना मी मीजान हा शब्द वापरते. सूरह रहमानमध्ये आकाश उंचावल्याबरोबर तराजू ठेवल्याचा आणि त्यात कमी-जास्त न करण्याचा उल्लेख आहे, तो मुलांच्या कानांवरून गेलेला असतो. पुस्तकातले ‘पर्यावरणीय संतुलन’ त्यांना त्यामुळे परके वाटत नाही. इसराफ म्हणजे उधळपट्टी, अमानत म्हणजे दुसऱ्याची सांभाळायला दिलेली वस्तू, हेही त्यांना ठाऊक असते. पण एक सावधगिरी मी बाळगते. आयत सांगितली, सगळ्यांनी ‘सुब्हानल्लाह’ म्हटले आणि तास संपला, तर त्या मुलाला ना आयत कळली ना विज्ञान. आपल्या जलशांमध्ये ‘इस्लाम और माहौलियात’ या विषयावर सुंदर तकरीर होते आणि मंडपामागे प्लास्टिकच्या ग्लासांचा ढीग असतो.

म्हणून आम्ही मोजले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे की प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्याने वजू करत. मुद्द म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढे माप. फिकहच्या वेगवेगळ्या मतांनुसार आजचे साधारण पाऊण ते एक लिटर. वाहत्या नदीवरही पाणी उधळू नये ही हदीस आपल्याकडे जास्त सांगतात. तिची सनद काही मुहद्दिसांनी कमजोर ठरवली आहे, म्हणून मी वर्गात मुद्दचीच सांगते. शाळेच्या नळाखाली बादली ठेवली आणि मुलांना नेहमीसारखा वजू करायला सांगितले. एकाचे पाणी चार लिटर भरले, एकाचे सात. चेष्टेखोर एकाने बादली भरूनच दाखवली. मग पाण्याचा तांब्या दिला. पहिल्या खेपेला पायांपर्यंत पाणी पुरलेच नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेकांचे एका तांब्यात होऊ लागले. एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्यांतली ही मुले आहेत. घरी जाऊन त्यांनी अब्बांचा वजू मोजल्याच्या तक्रारी माझ्याकडे आल्या, त्या मी आनंदाने ऐकून घेतल्या.

आता ते दुसरे कारण.

गेल्या वर्षी घटक चाचणीत प्रश्न होता, ‘पर्यावरण संवर्धनासाठी तुम्ही काय कराल?’ पाच गुण. साऱ्या वर्गाने ‘झाडे लावा, झाडे जगवा’ लिहिले. एका मुलाची जागा कोरी होती. मुलगा हुशार, खाडीवर गेलो तेव्हा सगळ्यात जास्त नावे त्यानेच सांगितलेली. मधल्या सुट्टीत मी विचारले. बराच वेळ पायाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, ‘‘माझे अब्बा वाळू काढतात. वाळू काढल्याने खाडी मरते असे तुम्हीच शिकवलेत. मग मी काय लिहू?’’

मी शिकवले होते, खरे होते. तळ खोल गेला की भरतीचे खारे पाणी आत दूरवर घुसते, विहिरी मचूळ होतात, काठ ढासळतात, तिसऱ्या मिळेनाशा होतात. पण हे शिकवताना त्याच वर्गात ज्याची फी, ज्याचे दप्तर त्या वाळूतून येते असे मूल बसले आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हते. आम्ही मुलांना पर्यावरणाचे शब्द देतो आणि त्या शब्दांनी त्यांच्या बापाला गुन्हेगार ठरवतो. अशा मुलासमोर दोनच वाटा उरतात, बापाची लाज वाटणे किंवा शाळा खोटी वाटणे.

मी त्याला म्हटले, उत्तर नको लिहूस. अब्बा वाळू कशी काढतात ते मला सांग. त्याने सांगितले, आणि मी त्याच्याकडून शिकले. अब्बांचे काम हातपाटीचे. होडी खाडीत उभी करायची, पाण्यात बुडी मारायची, तळाची वाळू पाटीत भरून वर द्यायची. दिवसभरात होडी भरते तेवढीच. भरती आली की काम बंद. पावसाळ्यात बंद. ‘‘पावसात नदी वाळू परत आणते,’’ तो म्हणाला, ‘‘पण रात्री पंप लावतात ना मॅडम, ते एका रात्रीत ओढतात. अब्बा म्हणतात, तिथे दुसऱ्या वर्षी बुडी मारली तर पायाला तळ लागत नाही.’’

१९८७ मध्ये नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुन्टलँड यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या केली. आपली गरज भागवताना पुढच्या पिढ्यांची गरज भागण्याची शक्यता मारायची नाही, असा तिचा आशय आहे. बी.एड.ला मी ती घोकली होती. पायाला तळ लागला पाहिजे, हे मला तिथे कुणी सांगितले नव्हते.

हातपाटीने काहीच बिघडत नाही असे मी म्हणणार नाही. होड्या वाढल्या तर तीही नदीच्या देण्यापेक्षा जास्त घेईल. पण शासनाच्या नियमांतही हातपाटी आणि यंत्राचा उपसा यांत फरक करतात, तो वर्गातही करायला हवा. पुढच्या तासाला मी मुलांना ‘हिमा’ शिकवला. अरबस्तानात हिमा म्हणजे राखीव कुरण. प्रेषितांनी (स.) मदीनेजवळ नकीअ हे कुरण राखले होते आणि मदीनेच्या हद्दीत झाडे तोडायला, शिकार करायला मनाई केली होती. हजरत उमर (र.) यांनी रबजा येथे असेच कुरण राखले. तिथल्या राखणदाराला त्यांनी दिलेली ताकीद बुखारीत आहे: ज्याच्याकडे चार उंट, चार मेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे, उस्मान बिन अफ्फान आणि अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांच्या कळपांना नको. त्यांची जनावरे मेली तरी त्यांना शेते आणि खजुरीच्या बागा आहेत. गरिबाची मेली तर तो मुलांना घेऊन माझ्या दारी येईल. आज अभयारण्याच्या कुंपणाआत कोणी यावे, कोणी नाही, यावर मोठमोठ्या परिषदा होतात. सहावीच्या मुलांना हा मुद्दा पहिल्याच फटक्यात कळला, आणि वर्गात भांडणही झाले. गरीब म्हणून किती जणांना आत घ्यायचे? कुरणच संपले तर? एकाने विचारले, ‘‘रात्री पंप लावणारे उस्मानांसारखे श्रीमंत आहेत का?’’ मी म्हटले, श्रीमंत असतील, पण हजरत उस्मानांसारखे नाहीत. ते तर सांगितल्यावर बाहेर राहिले असते.

सहामाहीला मी तोच प्रश्न पुन्हा दिला. या वेळी त्या मुलाचे अर्धे पान भरले होते. वर दोन चित्रे होती, एक पाटी आणि एक पंप. खाली लिहिले होते की मी मोठा झाल्यावर दरवर्षी पावसाआधी आणि पावसानंतर काठी टाकून खाडीचा तळ मोजीन, जेवढा भरला तेवढीच वाळू काढायला सांगेन, आणि अब्बांनाही ऐकावे लागेल. नमुना उत्तरात असे काहीच नव्हते. मी पाचपैकी साडेचार दिले. अर्धा गुण शुद्धलेखनाचा कापला. ‘शाश्वत’ त्याने अजून ‘शास्वत’ लिहिले होते.